विश्लेषण : वादळाच्या पंचनाम्यात चौलची तळी कुठे असतात?

अलिबाग तालुक्यातील चौलच्या रामेश्वर मंदिरात तीन कुंडे आहेत : पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड. एरवी ती बंद असतात. पाऊस फारच ओढ देऊ लागला, की पर्जन्यकुंड उघडायचे, पूजा करायची आणि आभाळाकडे डोळे लावून बसायचे, ही इथली जुनी रीत. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. पाऊस, वारा आणि आग या तिघांनी आपले बरेवाईट ठरते हे ओळखलेल्या एका बंदराने त्या तिघांना गावच्या मुख्य देवळात जागा दिली होती. मंदिरासमोर दगडी पायऱ्यांची पुष्करणी आहे आणि तिच्यात पाणीही असते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले. त्यानंतरच्या पंचनाम्यांत घरे, झाडे, होड्या आणि जनावरे मोजली गेली. जुनी तळी, पायविहिरी, देवळांची लाकडी छपरे आणि कोटाच्या भिंती यांचे काय झाले, हे विचारणारा रकानाच त्या कागदांत नव्हता. एखाद्या अधिकाऱ्याच्या नजरेतून ही बाब सुटली, असा याचा अर्थ नाही. आपल्या आपत्ती व्यवस्थेने वारसा ही वेगळीच गोष्ट मानली आहे. पर्यटन खात्याची, फार तर पुरातत्त्व खात्याची. चौलकडे पाहिले की ही समजूत किती महागात पडते ते दिसते.

‘निसर्ग’ने काय शिकवले?

हवामान विभागाच्या नोंदीनुसार ‘निसर्ग’ ३ जूनच्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडून जमिनीवर आले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. इशारा आधी मिळाला होता आणि किनाऱ्यालगतच्या हजारो लोकांना हलवण्यात आले होते. त्यामुळे वादळाच्या ताकदीच्या मानाने जीवितहानी कमी झाली. हे यश मोठे आहे आणि ते आधी मान्य केले पाहिजे. माणसे वाचवण्यात यंत्रणा तरबेज होत चालली आहे, म्हणूनच माणसांबरोबर आणखी काय वाचवायचे हा पुढचा प्रश्न आता विचारता येतो.

वित्तहानी मात्र प्रचंड होती. अलिबाग, मुरुड आणि श्रीवर्धनच्या पट्ट्यात नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पत्रे उडाले, कौले फुटली, विजेचे खांब वाकले. अनेक गावे कित्येक दिवस आणि काही गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली. मोबाइलचे मनोरे बंद पडले. पावसाळा तोंडावर असल्याने जो तो पत्र्यांच्या मागे धावला आणि पत्र्यांचे भाव चढले.

हे एकदाच घडले असते, तर विसरताही आले असते. पण नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ अलिबाग ते मुंबईदरम्यान किनाऱ्यावर आले होते. मे २०२१ मध्ये, म्हणजे ‘निसर्ग’ला वर्षही पुरे होण्याआधी, ‘तौक्ते’ याच किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. अतितीव्र वादळांत तर १५० टक्क्यांची वाढ दिसली. ‘आपल्याकडे वादळे येत नाहीत, ती ओडिशात येतात’ ही कोकणातली जुनी खात्री आता मोडीत काढायला हवी.

नारळी-पोफळीच्या गावाला शहर का म्हणायचे?

आज चौल म्हणजे एक ग्रामपंचायत. अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना दोन्ही बाजूंच्या वाड्यांमधून निघणारा रस्ता आणि मार्गशीर्षात दत्ताच्या डोंगरावर भरणारी जत्रा, एवढीच बहुतेकांची चौलशी ओळख असते. पण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखनात हे बंदर ‘सेमिल्ला’ किंवा ‘सिमुल्ला’ या नावाने येते, तर कान्हेरीच्या शिलालेखांत ते ‘चेमुल’ आहे. इसवी सन ९१५ च्या सुमारास आलेल्या अरब प्रवासी अल मसुदीने इथे दहा हजारांच्या आसपास मुस्लीम वस्ती असल्याचे लिहून ठेवले. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेली ही माणसे व्यापाराच्या निमित्ताने चौलची झाली होती. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी भारतात उतरला तो चौललाच. १५०८ मध्ये याच बंदरासमोर इजिप्तच्या ममलुकांच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले आणि त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला.

पुढे १५२१ मध्ये निजामशाहीच्या संमतीने पोर्तुगीजांनी खाडीच्या तोंडाशी कोट बांधायला घेतला. तोच आजचा रेवदंडा, पोर्तुगीजांचे खालचे चौल. वरचे चौल निजामशाहीकडे राहिले. खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये घेतला आणि १७४० मध्ये हा सारा मुलूख मराठ्यांकडे आला. तोवर व्यापार दुसरीकडे वळू लागला होता. पुढे मुंबई वाढत गेली आणि चौल ओस पडत गेले.

म्हणजे देवळे, हमामखाना, मशिदींचे अवशेष, चर्चच्या भिंती, बेने इस्रायली समाजाचे रेवदंड्यातील प्रार्थनास्थळ आणि कोर्लईत अजून बोलली जाणारी पोर्तुगीज वळणाची बोली हे सगळे एकाच शहराचे तुकडे आहेत. प्रशासनाच्या नकाशावर मात्र हे शहर कुठेच नाही. चौल आणि रेवदंडा या अलिबाग तालुक्यातील दोन वेगळ्या ग्रामपंचायती, तर कोर्लई मुरुड तालुक्यात. वारसा शहरांसाठी केंद्राने २०१५ मध्ये ‘हृदय’ योजना आणली. तिच्यात देशातील १२ शहरे होती आणि महाराष्ट्रातील एकही नव्हते. जे शहर आकसून गाव झाले, ते शहरांच्या योजनांत बसत नाही आणि गावांच्या योजनांना त्याचा इतिहास पेलत नाही. आशिया-आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर अशी जुनी बंदरे अनेक आहेत.

तळी आणि वाड्यांचा आपत्तीशी काय संबंध?

‘चौलमध्ये ३६० देवळे आणि ३६० तळी होती,’ असे इथे परंपरेने सांगतात. आकडा शब्दशः घ्यायचा नाही. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, एवढाच त्याचा भाव. पण तळ्यांची संख्या खरोखर मोठी होती आणि त्याला भक्कम कारण होते.

अलिबागच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मध्ये वाळूमिश्रित जमिनीची चिंचोळी पट्टी. डोंगरावरून आलेले पाणी अडवले नाही तर ते काही तासांत समुद्राला मिळते. अडवले तर तीन कामे होतात. एक, पुराचा जोर मोडतो, कारण एकापाठोपाठ एक तळे भरत जाते आणि घरांकडे येणारा लोंढा मंदावतो. दुसरे, पाणी मुरते आणि विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पुरते. तिसरे काम डोळ्यांना दिसत नाही, पण किनाऱ्यावर तेच सर्वांत मोलाचे. जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. वरून गोडे पाणी मुरत राहिले तर खारे पाणी मागे रेटले जाते. मुरणे थांबले आणि उपसा वाढला, की विहिरीचे पाणी आधी मचूळ आणि मग खारट होते. एकदा खारावलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला वर्षे लागतात.

वादळानंतरच्या आठवड्यात याच विहिरींची किंमत कळते. नळपाणी योजना विजेवर चालते. वीज गेली की पंप थांबतो आणि टाकी रिकामी झाली की नळ कोरडा पडतो. रहाट-पोहऱ्याला वीज लागत नाही. ज्या आळीत वापरती, गोड्या पाण्याची विहीर आहे, तिला टँकरची वाट पाहावी लागत नाही. आपत्ती व्यवस्थापनाच्या भाषेत याला पर्यायी पाणीस्रोत म्हणतात आणि तो उभारायला पैसे लागतात. चौलला तो पूर्वजांकडून मिळालेला आहे, फक्त गाळ काढायला हवा.

वाड्यांचेही तसेच आहे. नारळ उंच, त्याखाली पोफळ, पोफळीवर चढवलेला पानवेल किंवा मिरी, मध्ये केळी आणि जायफळ, कडेला उंडी, आंब्यासारखी दणकट झाडे, समुद्राच्या अंगाला केवड्याची बने. ही रचना पिकाची आहे तशीच वाऱ्याची गती तोडण्याचीही आहे. केवड्याच्या मुळ्या वाळूचे ढिगारे धरून ठेवतात. अनेक किनाऱ्यांवर त्यांच्या जागी सुरूची बने आली. सुरू लवकर वाढतो आणि छान दिसतो. त्याची मुळे मात्र वरवरची असतात आणि ‘निसर्ग’मध्ये तो रांगाच्या रांगांनी उन्मळला.

इथे एक खबरदारी हवी. जुने ते सगळे टिकले आणि नवे ते सगळे पडले, असे चित्र रंगवणे खोटेपणाचे होईल. वाड्याही पडल्या. कौलारू घरांवर माड कोसळून आढी मोडली. दुरुस्तीअभावी कुजलेले वासे ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्यापुढे टिकत नाहीत, मग ते सागाचे असोत की आणखी कशाचे. त्या रात्री डोक्यावर छप्पर नसलेल्या कुटुंबाने पुढच्या वर्षी कौले काढून स्लॅब टाकला, तर त्याला बोल लावण्याचा अधिकार मुंबई-पुण्यात बसून कोकणी घरांची छायाचित्रे पाहणाऱ्यांना नाही. मुद्दा एवढाच की जुन्या रचनांमध्ये काही उपयोगी शहाणपण होते आणि ते देखभालीवर जगत होते. देखभाल थांबली तेव्हा ते शहाणपण कमकुवत झाले. मग वादळाने पाडले म्हणून ते निरुपयोगी ठरवले गेले.

खाडीकाठच्या बांधांची गोष्ट हेच सांगते. कुंडलिकेच्या आणि आसपासच्या खाड्यांलगत खारे पाणी अडवण्यासाठी मातीचे बांध घातले गेले, त्यांत पाणी सोडायला उघाड्या ठेवल्या गेल्या आणि आत भातशेती झाली. बांधाला खांड पडली, की शेतकरी एकत्र येऊन ती भरत, कारण एकाच्या हद्दीतली खांड सगळ्यांचे शेत खारवणारी असते. १९४८ चा आणि नंतर १९७९ चा खारभूमी कायदा आला आणि या बांधांची जबाबदारी मोठ्या प्रमाणात सरकारकडे गेली. त्यामागचा हेतू चांगला होता. पण खांड पडल्यावर फावडे घेऊन धावणाऱ्या माणसाच्या जागी अर्ज, अंदाजपत्रक आणि निविदा आली. भरती निविदेसाठी थांबत नाही.

इतर देशांत काय अनुभव आला?

श्रीलंकेतील गॅले हे चौलसारखेच जुने बंदर. पोर्तुगीजांनी सुरू केलेला आणि डचांनी मोठा केलेला तिथला कोट आजही वस्तीला वेढून उभा आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कोटाबाहेरचे नवे शहर, बसस्थानक आणि क्रिकेटचे मैदान उद्ध्वस्त झाले. तटाच्या आतली जुनी वस्ती बरीचशी वाचली. शत्रूच्या तोफांसाठी बांधलेल्या भिंतींनी समुद्र अडवला.

रेवदंड्याचा कोटही असाच वस्तीला वेढून आहे. मुख्य रस्ता तटातून आत शिरतो, आत वाड्या आहेत, घरे आहेत आणि चर्चच्या अवशेषांमध्ये उभा असलेला सातखणी मनोरा आहे. त्याच्या सात मजल्यांपैकी आज चारच उरले आहेत. ही तटबंदी गॅलेसारखी सलग राहिलेली नाही, तिला जागोजागी भगदाडे पडली आहेत आणि भिंतींत वड-पिंपळ रुजले आहेत. त्यामुळे गॅलेत घडले ते इथे घडेलच, असे म्हणता येणार नाही. पण समुद्राकडचा तट नेमका कुठे किती शाबूत आहे आणि उधाणाच्या भरतीला तो कितपत अडवतो, हे मोजण्याजोगे आहे. एकीकडे किनाऱ्यांवर दगड टाकून नवे धूपप्रतिबंधक बंधारे बांधले जातात आणि जवळच पाचशे वर्षांपूर्वीचा बंधारा झाडांच्या मुळांनी फुटत असतो, हे विचित्रच.

नेपाळचा धडा वेगळा आहे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात काठमांडू खोऱ्यातील शेकडो मंदिरे आणि सत्तल कोसळली. पाटणमध्ये रहिवाशांनी ढिगाऱ्यातून कोरीव तुळया, खांब आणि तोरणे वेचून संग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेवली. ढिगारा बुलडोझरने उचलला असता, तर पुन्हा उभारणीसाठी मूळ तुकडेच उरले नसते. त्याच काळात खोऱ्यातील शतकानुशतके जुन्या दगडी धारांवर, ज्यांना तिथे ‘हिटी’ म्हणतात, लोकांनी पाण्यासाठी रांगा लावल्या. जिथे पुनर्भरणाची जुनी तळी बुजवली गेली होती, तिथल्या धारा मात्र भूकंपाच्या कितीतरी आधीच आटल्या होत्या.

व्हिएतनाममधील होई आनमध्ये नदीचा पूर वरचेवर येतो. तिथल्या जुन्या लाकडी घरांत वरच्या मजल्याच्या जमिनीला झडप ठेवलेली असते. पाणी चढू लागले की दोर लावून सामान वर खेचायचे. कोकणातल्या माळ्याचा असा उपयोग खाडीकाठच्या घरांना नवा नाही.

पंचनाम्यात हे का येत नाही?

मदतीचे निकष राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या नियमांवर ठरतात. मृत्यू, जखमी, घर, कपडे-भांडी, पीक, जनावरे, होड्या आणि जाळी अशी त्यांची शीर्षके आहेत. सार्वजनिक कामांत रस्ते, पूल, पाणीपुरवठा, शाळा आणि आरोग्य केंद्रे यांची दुरुस्ती येते. सांस्कृतिक वारसा असे शीर्षक नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक जे विचारायला सांगितले तेच विचारणार. देवळाच्या सभामंडपाचे कोरीव खांब मोडले, तर तो देवस्थानचा खर्च. तळ्याची पायरी ढासळली, तर ती कुणाचीच नाही.

मालकी हाही गुंता आहे. एक तळे देवस्थानचे, दुसरे ग्रामपंचायतीचे, तिसरे खासगी वाडीत, चौथ्याच्या सात-बारावर डझनभर वारसांची नावे. नुकसानभरपाई मालकाला मिळते. सामायिक गोष्टीचा मालक एक नसतो, म्हणून तिचे नुकसानही कुठे नोंदवले जात नाही.

निकष बदलता येत नाहीत, असे मात्र नाही आणि याचा पुरावा ‘निसर्ग’नेच दिला. फळबागांसाठीची मदत आधी हेक्टरी १८ हजार रुपये होती. वादळानंतर राज्य सरकारने ती ५० हजार केली. तरीही कोकणात ओरड झाली, कारण इथली जमीन हेक्टरांत नाही, गुंठ्यांत मोजतात. दहा गुंठ्यांच्या वाडीला या हिशेबाने मिळतात पाच हजार रुपये. त्यात पडलेल्या माडांचे ओंडके हलवण्याची मजुरीही सुटत नाही आणि नवा माड फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात. म्हणून क्षेत्राऐवजी झाडागणिक मदत द्या, ही मागणी पुढे आली आणि सरकारला तिची दखल घ्यावी लागली. विदर्भ-मराठवाड्याच्या शेतीवर बेतलेला तक्ता कोकणाला बसत नाही, हे एका वादळाने पटवून दिले. त्या तक्त्यात तळे आणि पायविहीर घालणे यापेक्षा अवघड नाही.

मार्गदर्शनही तयार आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सप्टेंबर २०१७ मध्ये सांस्कृतिक वारसास्थळे आणि परिसरांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वारशाची यादी करा, धोका तपासा, आपत्तीपूर्वी देखभाल करा आणि स्थानिकांना तयार करा, असे त्यांचे सांगणे. भारताने स्वीकारलेल्या २०१५ च्या सेंडाई आराखड्यात तर आर्थिक हानी मोजण्याच्या निर्देशकांत वारशाच्या हानीचाही समावेश आहे. दिल्लीतले हे कागद आणि चौलच्या तलाठी कार्यालयातला पंचनाम्याचा कागद यांची गाठ पडलेली नाही, एवढेच.

पुरातत्त्व कायदा पुरेसा नाही का?

कायदा वास्तू पाहतो, वस्ती पाहत नाही. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटर निषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते. स्मारकाला खेटून टॉवर उभे राहू नयेत, यासाठी हे आवश्यकच आहे. पण जिथे स्मारकाच्या आत आणि भोवती गाव राहते, तिथे या मीटरपट्टीची दुसरी बाजू दिसते. निषिद्ध क्षेत्रातील जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण परवानगीने. ३ जूनला छप्पर उडालेल्या आणि आठवडाभरात मृगाचा पाऊस यायचा असलेल्या कुटुंबाकडे परवानगीची वाट पाहायला वेळ नसतो. ते कुटुंब हाती लागतील ते पत्रे ठोकते आणि पुढे तेच कायम होतात. आपत्तीनंतरच्या दुरुस्तीसाठी ठरावीक साहित्याची आणि काही दिवसांत निकाली निघणारी परवानगी, अशी तरतूद अशा गावांसाठी हवी.

आणि बहुतेक तळी, विहिरी, वाड्यांतले पाट, देवळांसमोरच्या दीपमाळा तर कुठल्याच संरक्षित यादीत नाहीत. मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली आणून शेकडो इमारतींची यादी केली. ज्या चौलच्या ऱ्हासाबरोबर मुंबई मोठी झाली, त्या चौलला असे कवच मिळालेले नाही.

धोका फक्त समुद्राकडून आहे का?

नाही. वादळ दहा-वीस वर्षांनी येते, जमिनीचा दलाल रोज येतो. मांडव्याची रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. अलिबाग मुंबईच्या शनिवार-रविवारच्या टप्प्यात आले. रेवस-रेड्डी सागरी महामार्ग पुढे सरकेल तसा हा ओढा दक्षिणेकडे वाढणार. रोजगार आणि पर्यटन यांना कोण नको म्हणेल? पण वादळात पडलेली वाडी पुन्हा लावून सात वर्षे थांबायचे, की प्लॉट पाडून विकायचे, या हिशेबात पाच हजारांची भरपाई मिळालेला शेतकरी कुठे झुकेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. वाडीच्या जागी बंगला आला की पोहण्याचा तलाव येतो, त्यासाठी बोअरवेल येते आणि शेजारच्या विहिरीचे पाणी मचूळ लागायला सुरुवात होते.

जी तळी उरतात, त्यांना दुसरे संकट सुशोभीकरणाचे. काठ काँक्रीटचे, भोवती पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे आणि लोकप्रतिनिधीच्या नावाची पाटी. पाणी मुरण्याच्या वाटा बुजतात, पाणी आत येण्याचे ओहोळ बंद होतात आणि तळे दिसायला छान पण कामाला निरुपयोगी होते. गाळ काढण्याचे छायाचित्र चांगले येत नाही, ही खरी अडचण असावी.

पैसा आणि सुरुवात कुठून?

‘निसर्ग’नंतर कोकण किनाऱ्यासाठी भूमिगत वीजवाहिन्या, निवारा केंद्रे आणि बंधारे यांची कामे पुढे आली. ती व्हायलाच हवीत. त्यांच्या तुलनेत तळ्यांचा गाळ, विहिरींचे कठडे, कोटाच्या भिंतींतली झाडे काढणे आणि देवळांच्या वाशांची तपासणी यांचा खर्च किरकोळ आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीचा २० टक्के वाटा केवळ सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी राखून ठेवला. पाणी मुरवणारे आणि पूर थोपवणारे तळे या व्याख्येत न बसण्याचे कारण नाही. त्याला वारसा न म्हणता जलसाठा म्हटले तर फाइल कदाचित लवकर हलेल. नावासाठी हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पण प्रस्तावाला यादी जोडावी लागते आणि ती जिल्हाधिकारी कार्यालयात बसून होणारी नाही. केंद्राच्या पहिल्या जलसाठा गणनेचा अहवाल एप्रिल २०२३ मध्ये आला आणि देशात २४ लाखांहून अधिक जलसाठे मोजले गेले. त्या यादीतले चौलचे तळे म्हणजे एक ओळ. त्याला पाणी कुठून येते, जादा पाणी कुठे जाते, शेजारच्या किती विहिरी त्यावर जगतात, नळ बंद पडले तर किती घरांना ते पुरेल आणि गाळ शेवटचा कधी काढला, हे त्या आळीतली म्हातारी माणसेच सांगू शकतात. थेरोंडा आणि आग्रावच्या कोळीवाड्यांत उधाणाचे पाणी कोणत्या साली कुठवर आले, हेही तिथेच कळेल. चौल, रेवदंडा आणि कोर्लई या तिन्ही ग्रामपंचायतींनी, दोन तालुके मध्ये असले तरी, ही नोंद एकत्र करायला हवी, कारण वादळ तालुक्याची हद्द पाळत नाही. माध्यमिक शाळेतील मुले, मोबाइलचा कॅमेरा आणि एक वही एवढ्यावर हे काम भागते.

मान्सूनपूर्व आढावा बैठका दरवर्षी मे महिन्यात होतात. नालेसफाई, झाडांच्या फांद्या, होड्या, धान्यसाठा आणि संपर्क क्रमांक यांवर चर्चा होते. तळ्यांची यादी करायलाही मेच योग्य, कारण पाणी सर्वांत खाली गेलेले असते आणि कुठली पायरी निखळली, कुठे गाळ साचला, कुठला ओहोळ कुणी बुजवला हे तेव्हाच उघड्यावर दिसते.